स्पीकरच्या तारांची टोके

नुंगंबाक्कम हा चेन्नई शहराचा जुना आणि आता दाट वस्तीचा भाग आहे. तेथील कॉलेज रोडवर प्रादेशिक हवामान केंद्राचे आवार आहे आणि त्या आवाराचा इतिहास दोन शतकांहून अधिक मागे जातो. ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी विल्यम पेट्री ह्याने १७८६ साली एगमोर येथे केवळ स्वतःच्या हौसेखातर एक वेधशाळा उभारली. पुढे कंपनीने ती आपल्याकडे घेतली आणि १७९२ साली नुंगंबाक्कम येथे तिच्यासाठी नवी इमारत बांधली. ताऱ्यांचे काम १८९९ साली कोडईकनालच्या डोंगरावर गेले. हवेच्या नोंदी मात्र येथेच राहिल्या. पाऊस किती पडला, वारा कोठून आला, हवेत ओलावा किती होता, हे येथे पिढ्यानुपिढ्या लिहून ठेवले जात आहे.

ह्याच परिसरातील घराघरांतून आणखी एक उपकरण ह्या ओलाव्याची नोंद ठेवीत असते; फक्त ती नोंद कोणी वाचीत नाही. दिवाणखान्यातील कपाटामागे ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गेलेल्या तारेचे उघडे टोक म्हणजे ते उपकरण. तार बसविली तेव्हा तिचे तांबे नव्या पैशासारखे चमकत होते. तीन पावसाळ्यांनंतर तेच टोक काढून पाहिले तर ते तपकिरी, काळपट, कधी कधी हिरवट झालेले दिसते. पारदर्शक आवरणाची तार असेल तर हा हिरवेपणा आवरणाखालून बोटभर आत सरकलेलाही आढळतो. ह्या अवधीत घरातील मंडळींना एवढेच जाणवलेले असते की, डावा स्पीकर अलीकडे मधूनमधून खरखरतो, आणि कपाटाला धक्का दिला की पुन्हा नीट वाजू लागतो. पुष्कळदा दोष स्पीकरला दिला जातो, कधी ॲम्प्लिफायरला. दोष असतो तो टोकाला.

असे का होते ते समजण्यास रसायनशास्त्राची फार माहिती लागत नाही. मरीना किनारा येथून चारपाच किलोमीटरवर आहे. दुपारी समुद्रावरून वारा आत येतो आणि त्याच्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेते व स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते ह्याच कारणाने. चेन्नईत रात्रीच्या वेळी आर्द्रता ह्या मर्यादेच्या वर असणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणजे तांब्यावर बसलेला मिठाचा प्रत्येक कण रात्री खाऱ्या पाण्याचा थेंब होतो आणि दिवसा पुन्हा वाळतो. तांब्यावर प्रथम ऑक्साइडाचा थर चढतो, मग क्लोराइडाच्या साहाय्याने हिरवी पुटे धरतात. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा पणजी येथे राहणाऱ्या वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही. पुण्याच्या किंवा नागपूरच्या कोरड्या हवेत हीच क्रिया पुष्कळ मंद असते, आणि म्हणूनच तेथील जाणकाराचा सल्ला किनाऱ्यावर जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

आता हा थर इतका पातळ असताना तो प्रवाहाला अडवितो कसा? ह्यासाठी दोन धातू एकमेकांना टेकतात म्हणजे नेमके काय होते ते पाहावयास हवे. टाकी लावलेल्या जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सर्वत्र टेकल्यासारख्या दिसतात, पण वास्तविक काही थोड्या उंचवट्यांवरच त्या तोललेल्या असतात. धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो असाच खडबडीत असतो. विद्युत्‌संपर्कांच्या शास्त्राचा पाया घालणारे स्वीडिश शास्त्रज्ञ रॅगनर होल्म ह्यांनी ह्या गोष्टीचा सखोल अभ्यास केला. दोन पृष्ठभागांमधील सर्व प्रवाह मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांतूनच वाट काढतो. पृष्ठभाग मोठा केल्याने ही वाट फारशी रुंदावत नाही. दोन्ही भाग अधिक जोराने एकमेकांवर दाबले म्हणजे उंचवटे चेपतात, ठिपके मोठे होतात आणि रोध घटतो. पकड सैल झाली की ठिपके आक्रसतात, त्यांच्या कडेने हवा शिरते, हवेबरोबर ओलावा व मीठ शिरते, आणि एकेक ठिपका बंद होत जातो.

एखादा जोड चांगला की वाईट हे ओळखण्याच्या सर्व कसोट्या ह्या एका गोष्टीतून निघतात. पकड किती आहे, ती वर्षानुवर्षे टिकते का, आणि संपर्काच्या जागी हवा पोहोचते का, एवढेच विचारावयाचे असते. पहिल्या दिवशी तर बहुतेक सगळेच जोड चांगले असतात. खरेदी करताना तिसऱ्या पावसाळ्याचा विचार करावा लागतो.

थोडे आकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर १० मीटरवर असेल तर प्रवाहाला जाऊन येऊन २० मीटर तार ओलांडावी लागते. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीत रोध सुमारे ०.२३ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत तो तीन टक्क्यांहूनही कमी आहे. त्याने आवाज पाव डेसिबेलने घटतो. सामान्यतः एक डेसिबेलच्या आसपासचा फरकच कानाला जेमतेम जाणवतो. चांगल्या जोडाचा रोध तर काही मिलिओहमच असतो. असे चार जोड मिळूनही तारेच्या रोधाच्या मानाने ते नगण्यच ठरतात. तेव्हा अमुक कनेक्टर लावल्याने आवाज ‘उघडतो’, गायिकेचा स्वर अधिक गोड होतो, अशा ज्या जाहिराती केल्या जातात त्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही. चांगला जोड आवाजात काही भर घालीत नाही.

वाईट जोड मात्र पुष्कळ काही काढून घेऊ शकतो. १०० वॉटचा ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला पूर्ण शक्ती देत असताना विद्युत्‌दाब २० व्होल्ट आणि प्रवाह ५ ॲम्पिअर असतो. मध्ये अर्ध्या ओहमचा गंजलेला जोड आला तर जवळजवळ १० वॉट उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत निर्माण होते. लहान डाखणीच्या टोकाला एवढीच शक्ती पुरते. प्लास्टिक मऊ पडते, स्प्रिंगेतील ताण जातो, पकड आणखी सैल होते आणि रोध आणखी वाढतो. शिवाय असा रोध स्थिर नसतो. प्रवाहाबरोबर, हादऱ्याबरोबर तो कमीजास्त होतो. व्हायोलिनच्या लांब स्वरात हे लपून जाईल, परंतु मैफलीत तनि आवर्तनम् सुरू झाले आणि मृदंगाचे जोरकस आघात येऊ लागले की प्रत्येक आघाताला क्षणभर मोठा प्रवाह लागतो. अशा वेळीच सैल जोड कुरकुरतो. डिसेंबरातील संगीताच्या हंगामात चेन्नईच्या सभागृहांतून हे घडले तर ते हजारभर लोकांसमोर घडते, आणि हा हंगाम ईशान्य मोसमी पावसाच्या अगदी पाठोपाठ येतो.

आता प्रत्यक्ष जोडांकडे वळता येईल. सर्वांत साधा प्रकार म्हणजे उघडी तार. स्वस्त यंत्रांच्या मागे लाल-काळ्या खटक्यांचे जे स्प्रिंगचे टर्मिनल असते, त्यात तारेचे टोक खुपसले की काम झाले असे वाटते. ह्या स्प्रिंगेची पकड बेताचीच असते, तांब्याचे धागे चारी बाजूंनी हवेला उघडे राहतात आणि जाड तार त्यात मावत नाही. किनाऱ्यावरील घरात हा जोड सर्वांत आधी नादुरुस्त होतो. यंत्रावर दुसरी सोय नसेल तर तारेला थिंबल, म्हणजे दाबून बसविण्याची पोकळ धातूची नळी, घालून मग ती खुपसावी. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची थिंबल योग्य हत्याराने दाबली तर तिच्या आतील धागे इतके घट्ट चेपले जातात की त्यांच्यामध्ये हवा शिरतच नाही. नुसत्या पकडीने चेपलेल्या थिंबलला मात्र हा गुण येत नाही. ती दिसते तशीच, पण आत पोकळी राहते.

स्क्रूच्या बोंडाचे टर्मिनल, ज्याला बाइंडिंग पोस्ट म्हणतात, ते ह्याहून पुष्कळ चांगले. बोंड घट्ट फिरविले तर उघड्या तारेलाही त्यात उत्तम पकड मिळते. तांत्रिक दृष्ट्या पाहता पहिल्या दिवशी ह्याहून सरस जोड सापडणे कठीण. येथे धोका वेगळाच आहे. तारेचे धागे केसासारखे बारीक असतात आणि पीळ देताना एखादा सुटा राहतो. तो शेजारच्या टर्मिनलला टेकला की ॲम्प्लिफायरचे निर्गम सरळ एकमेकांना जोडले जाते. संरक्षक मंडल नसेल तर एका क्षणात ट्रान्झिस्टर जळतात, आणि जुन्या यंत्रांसाठी ते ट्रान्झिस्टर आता सहजासहजी मिळत नाहीत. आजच्या अनेक ॲम्प्लिफायरांत तर काळे टर्मिनलही भूमीला जोडलेले नसते. दोन बाजूंची काळी टर्मिनले एकमेकांस लागली तरी हानी होऊ शकते. काळी तार म्हणजे निरुपद्रवी तार, ही समजूत सोडून द्यावयास हवी.

सुटे धागे आवरण्यासाठी कित्येक जण टोकाला डाख देऊन ते कडक करतात. हा उपाय दिसावयास सुबक असला तरी स्क्रूखाली तो टिकत नाही. डाखाचा मिश्रधातू मऊ असतो. सततच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि आज आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी आपोआप सैल होतो. डाख द्यावयाचाच तर तो कनेक्टरच्या आत द्यावा.

ह्यासाठी घरगुती यंत्रांत सर्वांत प्रचलित असलेला कनेक्टर म्हणजे बनाना प्लग. हा १९२४ साली जर्मनीतील एसलिंगेन येथील रिचर्ड हिर्शमान ह्यांनी तयार केला असे मानले जाते. चार मिलिमीटर व्यासाच्या पिनेवर फुगीर पट्ट्यांची स्प्रिंग असते. त्या फुगीरपणावरून त्याला केळ्याचे नाव पडले. प्लग आत सरकताना ह्या पट्ट्या छिद्राच्या भिंतीवर घासत जातात आणि तेथे धरलेले पातळ किटण खरवडून काढतात. हा त्याचा मोठा गुण. वर्षातून दोनचार वेळा प्लग जागच्या जागी फिरविला तरी संपर्क स्वच्छ होतो. त्याची उणीव अशी की तो ओढला की निघतो. केर काढताना तार पायात आली तर जोड तुटतोच. पिनेच्या आत स्क्रू असलेले, फिरविल्यावर फुगून घट्ट बसणारे बनाना प्लग मिळतात. लहान मुलांच्या घरात ते घेणे शहाणपणाचे.

परंतु ह्या प्लगविषयी याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. आपल्या भिंतीवरील लहान सॉकेटाची छिद्रे बनाना प्लगच्या पिनेहून मोठी असतात, आणि त्यांच्यातील अंतर स्पीकरच्या दोन टर्मिनलांतील अंतराएवढेच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर असते. म्हणजे स्पीकरच्या तारेचे टोक खेळता खेळता २३० व्होल्टच्या सॉकेटात शिरू शकते. युरोपातही पिना व अंतर ह्यांचा असाच मेळ बसत असल्याने तेथे विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या टर्मिनलांची तोंडे प्लास्टिकच्या बुचांनी बंद करण्याची पद्धत पडली. आपल्याकडे तर त्याही पुढची मजल आढळते. मांडवांतून व छोट्या कार्यक्रमांतून स्पीकरच्या तारेला विजेच्या दिव्याचाच दोन पिनांचा प्लग लावलेला असतो, कारण तो कोठेही मिळतो. आणि तोही नसेल तर उघडी तार सॉकेटात घालून काडीने दाबण्याची ‘युक्ती’ सर्वांना ठाऊक आहे. घाईच्या वेळी, अंधारात, एखाद्या नवख्या मुलाने असा प्लग भिंतीत घातला की स्पीकरच्या आतील वेटोळे जळते, ही झाली लहान हानी. त्याच वेळी तारेचे दुसरे उघडे टोक कोणाच्या हातात असेल तर जीव जातो. विजेच्या प्लगाचा आकार स्पीकरसाठी वापरू नये, हा नियम आवाजाच्या गुणवत्तेच्या सर्व चर्चेच्या आधी सांगावयास हवा.

स्पेड, म्हणजे दोन बोटांच्या चिमट्यासारखे चपटे टोक, बोंडाखाली घट्ट आवळता येते. एकदा जोडून वर्षानुवर्षे हलवावयाचे नाही अशा ठिकाणी ते बनाना प्लगहून अधिक विश्वसनीय. पिनेची टोके ही केवळ स्प्रिंगच्या टर्मिनलांसाठी आहेत.

सभागृहातील गरज निराळी. तेथे जोड रोज काढावे-घालावे लागतात आणि तेही घाईत. पाव इंची जॅक ह्या कामासाठी पुष्कळ वर्षे वापरला गेला. हा एकोणिसाव्या शतकातील टेलिफोनच्या स्विचबोर्डांसाठी बनलेला जोड आहे. त्याचा संपर्क लहान आहे, आणि घालताना किंवा काढताना त्याची टोके क्षणभर एकमेकांस जोडली जाऊ शकतात. आणखी एक घोटाळा असा की गिटारची बारीक तार आणि स्पीकरची जाड तार ह्यांच्या टोकांना एकसारखेच जॅक दिसतात. गिटारची तार स्पीकरला लावली की ती तापते.

ह्या अडचणींवर लिख्टेनश्टाइन ह्या छोट्याशा देशातील न्यूट्रिक कंपनीने १९८७ साली स्पीकॉन नावाचा कनेक्टर बाजारात आणला. तो आत घालून फिरविला की खटका बसतो आणि मग ओढला तरी निघत नाही. त्याचे धातूचे भाग इतके आत असतात की बोट पोहोचत नाही. तो उलटा बसत नाही, म्हणून धन व ऋण टोकांची अदलाबदल होत नाही. दोहोंपैकी एका स्पीकरची टोके उलटली तर काही बिघडत नाही, पण खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात व आवाज पोकळ होतो, आणि त्याचे कारण शोधण्यात तालमीची वेळ निघून जाते. नेहमीचा चार संपर्कांचा स्पीकॉन ३० ॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह सहज सोसतो. कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेत आज तोच रूढ झाला आहे आणि घरातही, यंत्रावर सोय असेल तर, त्यात नावे ठेवण्यासारखे काही नाही.

देवळाच्या उत्सवात रस्त्याच्या कडेने ओळीने लावलेल्या कर्ण्यांची व्यवस्था मात्र ह्या सर्वांहून वेगळी असते. तेथे १०० व्होल्टची लाइन वापरतात. विद्युत्‌दाब वाढविल्याने तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो. १०० वॉटला एकच ॲम्पिअर. म्हणून लांब व बारीक तारेतूनही काम भागते आणि जोडाचा रोध थोडा वाढला तरी बिघडत नाही. परंतु १०० व्होल्टचा धक्का लागतो. येथे पकडीहून आवरण महत्त्वाचे: पीळ देऊन उघडे सोडलेले जोड नकोत, पाणी न शिरणारी पेटी हवी.

राहिला सोन्याचा प्रश्न. चेन्नईतील माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत कनेक्टर मागितला की दुकानदार प्रथम पिवळा धमक माल पुढे करतो. सोने तांब्याहून चांगले वाहक असल्याने हा मुलामा देतात, अशी समजूत आहे; ती चुकीची आहे. वाहकतेत सोने तांब्याच्या खालीच आहे. सोने वापरण्याचे कारण एवढेच की त्याला गंज चढत नाही, आणि खाऱ्या हवेत हे कारण पुरेसे आहे. मात्र मुलामा अतिशय पातळ असला तर त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात व खालचा धातू त्यांतून गंजतो. खाली निकेलचा थर असला तर संरक्षण वाढते. सोन्याची पिन कथिलाच्या छिद्रात घालणेही टाळावे. अशा विजोड जोडीत कथिलाची बाजू लवकर बिघडते. सारांश, उत्तम निकेलचा, वजनदार पितळी गाभ्याचा, कडक स्प्रिंगेचा प्लग हा ढिल्या सोनेरी प्लगाहून केव्हाही चांगला. दुकानातच तो छिद्रात घालून ओढून पाहावा. हाताला अडकल्यासारखे वाटले पाहिजे.

ह्याच बाजारांत तांब्याचा पातळ थर दिलेली ॲल्युमिनियमची तारही स्पीकरची तार म्हणून मिळते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि टोकाशी ॲल्युमिनियम उघडे पडते, ज्यावर ऑक्साइड धरण्यास वेळ लागत नाही. धागा पात्याने खरवडला असता आत पांढरा निघाला तर ती तार, तिचे आवरण कितीही देखणे असो, परत करावी.

जोड बिघडला आहे की नाही हे पाहण्यासाठी साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून फारसा उपयोग होत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध जोडाच्या रोधाहून मोठा असतो. त्यापेक्षा ५० हर्ट्‌झचा एक स्थिर स्वर मध्यम आवाजात वाजवावा, मीटर प्रत्यावर्ती विद्युत्‌दाबावर ठेवावा आणि त्याची एक सुई तारेच्या तांब्याला व दुसरी त्याच जोडाच्या पलीकडील धातूला लावावी. एक ॲम्पिअर प्रवाहाला निरोगी जोड काही मिलिव्होल्टच दाखवितो. शंभर मिलिव्होल्ट दिसले तर तो जोड उघडावा. हे करताना सुई शेजारच्या टर्मिनलावर घसरणार नाही एवढी काळजी घेतली पाहिजे.

चेन्नईत ह्या तपासणीला योग्य काळ म्हणजे ऑक्टोबरपूर्वीचा, कोकणात मे महिन्याचा. यंत्राची वायर भिंतीतून काढून प्रत्येक बोंड एकदा सैल करून पुन्हा आवळावे. प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. सोनेरी प्लगांना पॉलिशकागद लावू नये, मुलामाच निघून जातो. तांबे काळे पडलेले दिसले तर ते घासत बसण्यापेक्षा टोक कापून टाकून चमकदार तांबे लागेपर्यंत तार सोलावी आणि नवी थिंबल किंवा नवा प्लग बसवावा. दर वेळी तार बोट दोन बोटे आखूड होणार, म्हणून प्रथम तार बसवितानाच कपाटामागे हातभर जास्त सोडलेली बरी.